कडी वाजवायला शिकवलंत तेव्हा

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ‘गाव आणि शहर’ शिकवायला उभी राहिले की तुम्हीच डोळ्यांपुढं येता. काल लातूरच्या माझ्या तिसरीच्या पोरांना विचारलं, सांगा, फरक काय? निम्म्या पोरांची घरं ताईच्या नाहीतर दादाच्या क्लासपायी इथं खोली करून राहिलेली. एक जण म्हणाला, गावात आजी राहते, शहरात क्लास राहतात. वर्ग हसला. मग किनवटकडची एक बारकी पोरगी म्हणाली, "मॅडम, गावात विचारत्यात कुणाची तू. हितं विचारत्यात भाऊ कोणत्या क्लासला." मी खडू हातात धरून कुठल्या कुठं गेले.

भूकंपानंतरची ती पत्र्याची शाळा. आमच्या घरात मी एकटी उरलेली. तुम्ही नांदेडहून शिकवायला आलेल्या, दुपारची खिचडी वाढताय. शेजारच्या गावचा एक म्हातारा सवयीनं मला विचारतो, "कुणाची गं तू पोरी?" मी ताटलीतल्या वाफेकडं बघत राहते. तुम्ही मान वर न करता म्हणता, "माझी हाय." पुढं मामाला विचारून मला खरंच नांदेडला नेलंत.

तिथं पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. भूक लागली, तर गावातल्यासारखी सरळ शेजारच्या बांगडीवाल्या चाचींच्या स्वयंपाकघरात शिरले, दुरडीवरचं फडकं उचललं आणि रोटी खात बसले. चाची म्हणत होत्या, "रहने देव बाई, बच्ची हाय." पण तुम्ही दंड धरून घरी आणलंत आणि काय बोललात मला! मी रडत होते, तुम्ही स्टोव्हवर चहा ठेवत रागारागातच समजावत होतात, "गावात कुणाच्या घरात कोण हाय ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून दार उघडं. हितं ठाऊक नसतं, म्हणून कडी वाजवायची. लोक वाईट न्हाईत गं. ओळख व्हायला टाइम लागतो, एवढंच." मग मला बाहेर उभं करून आपल्याच दाराची कडी वाजवायला लावलीत. मी वाजवते. तुम्ही आतून विचारता, "कोण?" मी म्हणते, "मी." तुम्ही दार उघडता, पुन्हा लावता. शेवटी दोघी हसायला लागलो आणि चहा उतू गेला.

काल पोरांना हेच सांगितलं. मधल्या सुटीत ती किनवटची पोरगी जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, तुमची आई कशी होती?" मी सांगत गेले, नाकावरून घसरणारा चष्मा, पदराला खडूचा वास. बोलता बोलता ध्यानात आलं, मी तुमच्याबद्दलच सांगतेय. बाई, जन्म देणारीचा चेहरा मला आता आठवत नाही. लई आठवून बघितलं. दर वर्षी भूकंपाच्या दिवशी तुम्ही तिच्यासाठी दिवा लावायला लावायचात. मी हात जोडायचे, डोळे मिटायचे, आणि तुमचाच चेहरा यायचा. तुम्ही शेजारीच उभ्या असायचात, पण हे सांगायची मला भीती वाटायची.