ए ओळीतली पिवळी धूळ

८ मार्च १९९५, बुधवार

पोपटांनी जीव नकोसा केलाय. सूर्यफूल अजून कळीत आहे, तरी येतात आणि कळ्याच कुरतडतात. आजपासून संशोधन फार्मवर राखणीला सोनवणे काका लागले, रोजंदारीवर. मिलमध्ये सव्वीस वर्षं माग चालवले, मिलला कुलूप लागल्यापासून घरी. मागांच्या खडखडाटात कान गेले, त्यामुळे स्वतः इतक्या जोरात बोलतात की डबा वाजवायची गरजच नाही. मला विचारलं, बाई, पिण्याचं पाणी कुठे आहे, तर बांधावरचे सगळे पोपट उडाले.

सर सकाळपासून वैतागलेले. वरून चिठ्ठी आलीय, बाहेरचं तेल स्वस्तात येतंय, मग सूर्यफुलाची योजना चालवायची कशाला ते लिहून कळवा. सरांकडे उत्तर एकच, आपली ए ओळ, म्हणजे ए नावाचं मूळ वाण. आठ वर्षं घातली तिच्यात. तिच्यापासून संकरित बियाणं निघालं आणि सांवेरच्या शेतकऱ्याला ते परवडलं तर योजना राहील, नाही तर बाड-बिस्तरा गुंडाळा.

माझी ८९ दिवसांची नेमणुकीची ऑर्डरही ३१ लाच संपते.

९ मार्च, गुरुवार

लिहूनच टाकते. नाही तर डोक्यात भुंगा चालूच राहील.

ए ओळीच्या फुलाला पराग नसतो, म्हणून तर तिच्यावर दुसऱ्या वाणाचा पराग लावून संकर करता येतो. पण तिची एक जुळी ओळ असते. झाड तसंच, पान तसंच, दाणा तसाच, फक्त तिला पराग असतो. फुलेपर्यंत ब्रह्मदेवालाही ओळखू येणार नाही.

जानेवारीत पेरणीच्या दिवशी दव फार होतं, कागदाची पाकिटं भिजतील म्हणून मी अकलेचा कांदा दोन्हींचं बियाणं जेवणाच्या डब्यात घेऊन निघाले. वरच्या पुड्यात जुळी, खालच्यात ए. रस्त्यात लूना खड्ड्यात आदळली, डब्याची कडी निघाली आणि वरचं बियाणं सांडलं खालच्या ए मध्ये. किती? मूठभर असेल. वेचलं जेवढं वेचता आलं. कोणतं काय ते कोण सांगणार. वावरात सर उभे होते, मजूर खोळंबले होते. पेरून मोकळी झाले. बाराही ओळींत.

सरांना तेव्हाच सांगायला हवं होतं. घाबरले. ऑर्डर रिन्यू होते की नाही, बस एवढंच दिसत होतं.

११ मार्च, शनिवार

इंजिनियरिंगवाल्यांनी विहिरीवरचा पंप सूर्यफुलाच्या तेलावर चालवून पाहिला. चार तास छान चालला, मग नळी चोंदली. सगळे खाली बसून त्या नळीत डोकावतायत, जसं काही आत कोणी राहतं. सर म्हणाले, डिझेल आणखी महाग होऊ दे, मग लोक विचारत येतील. मी घरी तेल चमच्याने मोजून टाकते आणि इथे पंपाला पाजतात. बोलले नाही. सरांचा चेहरा आज जरा बरा होता.

घरी यांना डब्याचं सगळं सांगितलं. हे महूच्या मिलिटरी स्टोअरमध्ये, जे हिशेबात नाही ते घडलंच नाही असं मानणारे. म्हणाले, चुप बैस ना, फुललं की सकाळी लवकर जा आणि पिवळं दिसेल ते उपटून टाक, कोण मोजायला येतंय. पटलं. पटलं म्हणजे सोयीचं वाटलं.

१८ मार्च, शनिवार

पहिली फुलं उघडली. सहालाच पोचले. ए च्या ओळीत दोन झाडांवर पिवळी धूळ, बोटाला लागली. उपटली, बारदानात कोंबली, बारदान पंपघरामागे. सर आठला आले तेव्हा मी साळसूदपणे मोजपट्टी घेऊन उंच्या मोजत होते.

ऊन चढलं की पराग उडतो, मधमाश्या ओळभर नेतात. त्याआधी झाड निघालंच पाहिजे. एक राहिलं तरी सगळा संकर बाद.

१९ मार्च, रविवार

आणखी तीन. सुट्टीच्या दिवशी कुठे चाललीस, म्हणून हेच विचारतात. वा रे वा.

सोनवणे काका माझ्या आधी हजर. लांबून बघत उभे होते. काय उपटता म्हणून विचारलं. किडकी आहेत असं खुणेने सांगितलं. त्यांनी एक झाड हातात घेतलं, फुलावर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि परत दिलं.

२० मार्च, सोमवार

चार. उद्या रंगपंचमी, मजुरांना सुट्टी. मी मात्र जाणारच. उद्या-परवा सगळ्यात जास्त फुलं उघडतील.

२१ मार्च, मंगळवार

गेले नाही. जाताच आलं नाही.

साडेपाचला निघाले तर लूना स्टार्ट होईना. एक तास त्यात गेला. मग टेम्पो नाही. चालत राजवाड्यापर्यंत आले तर गेरच्या मिरवणुकीची तयारी, टँकर, भोंगे, रस्ते बंद. गल्लीतून निघावं तर पोरांनी बादली ओतली. भिया, ड्यूटीवर जातेय म्हटलं, तर ते म्हणाले, ड्यूटीवर पण होली है. दहा वाजले. दहाला पराग उडतो. चौकात हिरवी-गुलाबी होऊन उभी होते आणि रडत होते. बायका म्हणाल्या, रंग डोळ्यांत गेला वाटतं हिच्या.

संपलं. आज मधमाश्यांनी काम केलं असणार.

२२ मार्च, बुधवार

काय दिवस होता. क्रमाने लिहिते.

सातला पोचले. बांधावर सात झाडं, मुळांसकट, ओळीने झोपवलेली. फुलं सगळी वर तोंड करून. प्रत्येकाच्या बाजूला ओळीचा नंबर लिहिलेली काडी. त्यांच्यापाशी सोनवणे काका उभे, एकदम अटेन्शन. आणि त्यांच्यासमोर सर.

काकांनी काल येऊन माझं काम केलं होतं. बाई आल्या नाहीत, ऊन चढायच्या आत उपटायचं असतं ते मी पाहिलं होतं, म्हणाले. आठच्या आत झालं. त्यांना वाटलं हे रोजचंच काम. फक्त मी लपवत होते आणि त्यांनी मांडून ठेवलं. मिलमध्ये खोट असलेला कपडा टेबलावर पसरायचे, कोणत्या मागाचा ते लिहून, साहेबाने पाहिल्याशिवाय हलवायचा नाही. सव्वीस वर्षं तेच केलं. इथेही तेच.

मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला. आणि त्याच क्षणी पाया पडावंसं वाटलं, कारण पराग उडायच्या आत निघाली होती झाडं.

पण सर. उकिडवे बसून एकेक फूल हातात घेत होते. चष्म्यावर पिवळी धूळ. ओळीचे नंबर पाहिले, सगळीकडची झाडं. मग म्हणाले, "लाइन टूट गई, विमलजी. पराग वापस आ रहा है."

त्यांना वाटलं ए ओळच बिघडली. आतून. माझ्या डब्याचं त्यांना काय माहीत.

मी उभी राहिले. तोंड उघडलं नाही. लिहिताना लाज वाटतेय.

२३ मार्च, गुरुवार

सरांनी आज जेवणाचा डबा उघडला नाही. वर पाठवायची चिठ्ठी हाताने लिहीत बसले होते. ए ओळ भरवशाची नाही, बंद करावी. उद्या टाइप होईल. म्हणजे आठ वर्षं कचऱ्यात, आणि ए नाही तर योजनाही नाही. कशामुळे, तर माझ्या डब्याच्या कडीमुळे.

काकांना गाठलं. सांगायचं होतं की मी आधीचे तीन दिवस उपटलेल्या झाडांचा विषय सरांपाशी काढू नका. पण त्यांना हळू सांगून ऐकू येत नाही. गुपित ओरडून कसं सांगणार? खुणा केल्या, त्यांना भलतंच कळलं. बेंबीच्या देठापासून ओरडले, "बाई, तुम्ही तीन दिवस उपटली ती कुठे ठेवली? ती पण मांडू, साहेबांना दाखवू."

पंप चालू होता. सर आत होते, ऐकलं नाही. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग स्वतःचीच इतकी किळस आली. एक माणूस आत बसून आपलं आयुष्य खोडतोय आणि मला कशाचं हायसं वाटतंय, तर पंपाच्या आवाजाचं.

घरी यांनी पुन्हा तेच, चुप बैस. या वेळी म्हटलं, तुम्ही चुप बसा.

२४ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

टायपिस्ट यायच्या आत गेले. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "सर, लाइन ठीक है. बीज मैंने मिलाया."

"कब?"

"बोवनी के दिन. टिफिन में."

"टिफिन में," एवढंच म्हणाले. मग सगळं सांगत गेले, खड्डा, कडी, बारदान, तीन दिवस. पंपघरामागून ती नऊ वाळलेली झाडं आणून टेबलावर ठेवली. एकूण सोळा. मूठभर बियाणातून वेचून राहिलं ते एवढंच असणार. नव्याने कुठे निघालं नाही तर ए ओळ निर्दोष.

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडणार. तर रडत होते, आणि हसत होते. म्हणाले, "दो दिन से निवाला नहीं उतरा गले से." चिठ्ठी फाडली. चार तुकडे, मग आठ.

मग ओरडले. अर्धा तास. पंप बंद होता, सगळ्या फार्मने ऐकलं. गधी नाही म्हणाले, बाकी सगळं म्हणाले. ऐकताना इतकं बरं वाटत होतं की कसं सांगू. जानेवारीपासून छातीवर बसलेलं कोणीतरी उठून गेलं.

परत येताना छप्पन दुकानांवर उभी राहून पोहे खाल्ले, वरून जलेबी. एकटीने.

२७ मार्च, सोमवार

तीन सकाळी झाल्या. सर, मी, काका, तिघं सहाला ओळींतून फिरतो. ए वर धूळ नाही. एकही नाही. काका तर फुलाला हातही लावत नाहीत, चालता चालता नुसतं बघतात, जसे मागावर तुटलेला धागा बघत असतील. सर म्हणाले, हा माणूस आपल्याला आठ वर्षांपूर्वी मिळायला हवा होता. काकांना ऐकू आलं नाही, म्हणून सरांनी परत ओरडून सांगितलं. काका लाजले.

आजपासून संकर सुरू. मलमलच्या गोळ्याने पराग टिपायचा, ए वर हलके थोपटायचा. हात पिवळे झाले. आज त्या पिवळ्याची भीती वाटली नाही.

२९ मार्च, बुधवार

आज परत गोची. वर रिपोर्ट द्यायचाय, सोळा झाडं का उपटली त्याचं कारण लागतं. सर चांगुलपणाने म्हणाले, "मजदूर की भूल" लिहून टाकू. नाव नको, तुमची ऑर्डर अडायला नको.

बरं वाटलं मला. खोटं का बोलू. दुपारभर बरं वाटत होतं.

मग मस्टर पाहिलं. सध्या ए च्या प्लॉटवर मजूर एकच, सोनवणे काका. पेरणी जानेवारीतली आणि काका मार्चमध्ये लागले, हे वरचे लोक बघत बसणार नाहीत. मजुराची चूक वाचतील, मजूर काढा म्हणतील.

३० मार्च, गुरुवार

सरांना म्हटलं, माझं नाव घाला. ते म्हणाले, सोच लो, महीने का आखिर है, हा कागद आणि तुमची ऑर्डर एकाच टेबलावर जाणार. म्हटलं, जाऊ दे. ते वाक्य मी माझ्या हाताने लिहिलं. पेरणीच्या वेळी बियाणं नेताना माझ्याकडून मिसळलं, मजुरांचा संबंध नाही. खाली सही. सरांनी वाचलं, एक शब्द बदलला नाही, वर आपली सही केली.

यांना सांगितलं. जेवून हात धुतले. मग म्हणाले, महूला एक टायपिंगची जागा आहे, विचारून ठेवू का? हे यांचं प्रेम. म्हटलं, ठेवा विचारून.

३१ मार्च, शुक्रवार

रिपोर्ट गेला. माझी ऑर्डर आली नाही. नाही म्हणूनही काही आलं नाही.

पाचला सरांना विचारलं, उद्या मस्टरवर सही करायची की नाही. सर म्हणाले, मस्टरचं मला माहीत नाही, पण सातव्या ओळीची उरलेली फुलं उद्या उघडतील आणि पराग लावायला दोन हात कमी पडतील. एवढं बोलून फाइलमध्ये डोकं घातलं.

निघाले तर फाटकाशी काका. त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही, रिपोर्टचं, नावाचं, कशाचंच. नेहमीसारखे ओरडले, "बाई, उद्या सहाला ना?"

मीही ओरडले, "हो, सहाला."