अर्थिंगचं पाणी

अण्णा, आज पाटोद्याला एका आडत दुकानात कॅमेऱ्यांचं मशीन जोडून आले. तुमच्या वेळेला असलं मशीन म्हणजे तालुक्यात नवल होतं, माणसं बघायला यायची. पुढची बाजू मिरवायला, खरं काम पाठीमागे: कॅमेऱ्यांच्या केबलींची रांग, नेटवर्कची तार, भोंग्यासाठी बारीक स्क्रूंची हिरवी पट्टी आणि कोपऱ्यात एकटा पडलेला अर्थिंगचा स्क्रू. माझा हात अजून आधी त्या कोपऱ्याकडेच जातो. डिप्लोमा करून तुमच्या दुकानात बसायला लागले तेव्हा चित्र लवकर दिसावं म्हणून मी कॅमेऱ्याची केबल आधी लावली होती. तुम्ही गिऱ्हाइकादेखत हातावर पकडीचा टोला दिलात. "आधी माती, मग मशीन. वीज कुणाची सोयरी न्हाई, इंजिनेर बाई!" हात दिवसभर ठणकत होता. संध्याकाळी तुम्ही गरम भजी आणून समोर ठेवलीत.

उन्हाळ्यात तुमचा आणखी एक नियम असायचा. मीठ-कोळसा घालून भरलेला अर्थिंगचा खड्डा सुकला की तार नुसती नावाला उरते, म्हणून काम सुरू करण्याआधी त्यात दोन घागरी पाणी ओतायचं. लोक हसायचे, तुम्ही ओतायचात.

माजलगावच्या त्या जिनिंगमध्येही तुम्ही दोन घागरी मागवून घेतल्या. धरण आटलेलं, टँकरचा पत्ता नाही. तुम्ही खड्ड्याशी वाकलात आणि सरकी भरणारी एक बाई कडेवरचं पोर सावरत पुढं आली. "मातीला कावून पाजता, अण्णा? लेकरू सकाळधरनं कोरडं हाय." तुम्ही खड्ड्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. "घे माय. माती थांबल." एक घागर तिच्या कळशीत गेली, दुसरी मागच्या बायांनी नेली. मी म्हणाले, "अण्णा, खड्डा?" तुम्ही म्हणालात, "टँकर आला की वतू. तवर हात चालू दे."

तुमचा एक हात मशीनच्या पत्र्यावर आहे, दुसऱ्यात गेटच्या लोखंडी खांबावरून आलेली केबल. पलीकडे कुठल्या तरी मोटारीत बिघाड होतो आणि वीज अर्थिंगच्या तारेत उतरते. ओल्या खड्ड्यानं ती गिळली असती. कोरड्यानं घेतली नाही, ती तारेतून तुमच्या मशीनच्या पत्र्यावर आली आणि तुमच्या अंगातून त्या खांबाकडे गेली. तुम्ही ओरडलाही नाहीत. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, पण तेवढ्यात सगळं संपलं होतं. टँकर आला तेव्हा तुम्हाला जीपमध्ये घालत होते, आणि बाया भांडी घेऊन त्याच्याकडे पळत होत्या.

तेराव्याला ती बाई पोराला घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर बसून राहिली. आईनं तिला जेवू घातलं. मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. लोकांना वाटलं, हिचा तिच्यावर राग आहे. राग तुमच्यावर होता, अण्णा. जन्मभर मला एक नियम घोकायला लावलात, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तो कुणाच्या तरी कळशीत ओतून मोकळे झालात. घरात आम्हीही होतो की तुमचे.

आज पाटोद्यालाही नळाला पाणी नव्हतं. मी गाडीतून दोन कॅन नेले होते. खड्ड्याशी वाकले तर दुकान झाडणारी म्हातारी जवळ आली. आपली कळशी तेवढी खड्ड्याच्या कडेला आणून ठेवली आणि बाजूला उभी राहिली.

मी कळशीच्या शेजारून ओतलं. दोन्ही कॅन, शेवटच्या थेंबापर्यंत. मग आत जाऊन आधी अर्थिंगचा स्क्रू आवळला, बाकीच्या तारा जोडल्या, पडद्यावर चित्र आलं. चौथ्या कॅमेऱ्यात ती म्हातारी दिसत होती. खड्ड्यावरची ओली माती हातानं चाचपत होती.

हा कागद हत्यारांच्या पिशवीत, तुमच्या पकडीखाली ठेवते आहे. तो जाणार तरी कुठे. तुम्हाला जे जमलं नाही ते मला जमलं, अण्णा. घरी येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, पण तसाच खाली ठेवला.