म्हणजे थोडक्यात, तुला असं म्हणायचंय

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.
समुपदेशनाचं तीन दिवसांचं शिबिर काल संपलं. सर्टिफिकेट मिळालं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, खोलात नेणारे प्रश्न विचारा, मग समोरच्याच्याच शब्दांत सारांश सांगा, आणि शेवटी 'काही राहिलं का?' असं विचारायला विसरू नका. हे शेवटचं मी लिहून घेतलं नाही. बत्तीस वर्षं ऑफिसात मीटिंगची मिनिट्स लिहिली, तीसुद्धा बहुतेक वेळा मीटिंगच्या आदल्या दिवशी. साहेबांनी कधी शब्द बदलला नाही. माझ्या सारांशात काही राहत नसतं.
संकल्प: आठवड्याला दोन माणसं बरी करायची.

४ मार्च.
समुपदेशन केंद्रावर पहिली केस. घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ. फॉर्मवर 'विषय: भाऊ' एवढंच. भाऊ म्हटलं की वाटणीचं भांडण, हे काय सांगायला हवं? सारांश घरूनच लिहून नेला. नऊ प्रश्न विचारले. ते मध्येच, भाऊ हल्ली मला ओळखत नाही, आजारपणात सगळं विसरलाय, असं काहीतरी सांगत होते. विषयांतर. मी वाटणीचा सारांश वाचून दाखवला. ते हो हो म्हणाले, पाणी पिऊन येतो म्हणाले आणि गेले ते परत आले नाहीत. एकाच भेटीत मोकळे झाले असावेत.

५ मार्च.
घरातच केस आहे आणि मी गावभर शोधतोय! काखेत कळसा. लेक येऊन सोळा दिवस झाले. मोठी बॅग घेऊन आली. थोडे दिवस राहते म्हणाली, आणि जावयाला काही कळवू नका म्हणाली. ही म्हणते, तिला खोदून विचारू नका, सांगायचं तेव्हा सांगेल. हिची पद्धत जुनी. अशानं वर्षं जातात.

६ मार्च. संध्याकाळी ६.
लेकीचं पहिलं सेशन, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. तेरा प्रश्न. सात वेळा 'माहीत नाही', चार वेळा 'बरी आहे मी', दोन वेळा 'चहा देऊ का'. तरी माझ्यासारख्याला तेवढं पुरतं. सांगितलं, म्हणजे थोडक्यात, तुझ्यावर कामाचा ताण आहे आणि तुला नवऱ्याची आठवण येते. ती 'हो बाबा' म्हणाली आणि कप विसळायला उठली. माझाही घेऊन गेली. भरलेला होता.
सेशन यशस्वी.

८ मार्च.
सेशनच्या वेळेला लेक फिरायला जाते. याला प्रतिकार म्हणतात, शिबिरात होतं. मीही बरोबर गेलो. बागेला पाच फेऱ्या, फेरीला चार प्रश्न. सहाव्या फेरीला ती बाकावर बसली आणि डोळे मिटून घेतले. धाप लागली असणार. ही दारातच म्हणाली, अहो, पोर घरी आलीय, चौकीवर नाही. हिला शास्त्र कळत नाही.

१० मार्च. सकाळी ११.
जावयाला फोन केला. लेक नको म्हणाली होती, कबूल. पण सारांशानुसार तिला त्याची आठवण येते. सारांश महत्त्वाचा की तोंडावरचं बोलणं?
जावई काय मुलगा आहे! आवाज चढवणं नाही, घाई नाही. ती कधी उठते, कुणाचे फोन येतात, त्याच्याबद्दल काय म्हणाली, नेमक्या कोणत्या शब्दांत. एकेक प्रश्न मोजून मापून. मी बोलतच गेलो. शेवटी म्हणाला, "म्हणजे थोडक्यात बाबा, रविवारी ती माझ्याबरोबर यायला तयार आहे." असं मी म्हटलं नव्हतं. पण वाक्य इतकं नेटकं होतं की मी हो म्हणून गेलो.
हे कौशल्य उपजतच लागतं. त्याला केंद्रावर यायचं सुचवणार आहे.

१५ मार्च, रविवार. दुपारी ३.
लिहावंसं वाटत नाही.
जावई अकराला आला. त्याचा आवाज ऐकताच लेक आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. त्यानं खुर्ची मागितली, मी उचलून दिली. ती त्यानं दाराला लावून ठेवली आणि बसून तासभर शांतपणे विचारत राहिला. निघायचं कोणत्या वारी ठरवलंस? आधी कुणाला सांगितलंस? मग त्या दिवशी वेगळं का म्हणाली होतीस? म्हणजे थोडक्यात तू खोटं बोललीस, बरोबर? कडी निघाली नाही. आणि मी काय करत होतो? वही घेऊन त्यातले दोन प्रश्न टिपून घेत होतो. चांगले होते म्हणून. शी!
तो गेल्यावर लेक बाहेर आली. हिच्याकडे न बघता थेट मला म्हणाली, "बाबा, चार वर्षं रोज संध्याकाळी हेच चालतं. आधी प्रश्न, मग मी काय म्हणाले ते मलाच वाचून दाखवायचं, आणि मी हो म्हणेपर्यंत उठू द्यायचं नाही. यातून सुटायला मी इथे आले होते."
मी तोंड उघडलं. काय म्हणणार होतो देव जाणे. ही म्हणाली, गप्प बसा.

१६ मार्च.
लेक सकाळीच गेली. कुठे ते हिला माहीत आहे. मला सांगितलेलं नाही. विचारलंही नाही. विचारायची लाज वाटली.

१९ मार्च.
केंद्राचं काम सोडलं. मॅडमना गुडघ्याचं कारण सांगितलं. जिना चढून गेलो होतो हे सांगून झाल्यावर लक्षात आलं.

२१ मार्च. दुपारी १.
जावयाचा फोन. ठरवून टाकलं होतं, बोलायचं नाही. फक्त 'माहीत नाही' म्हणायचं. नाहीतरी मला माहीत नाहीच.
पाच मिनिटं टिकलो. मग तो अगदी हळू म्हणाला, बाबा, तुम्हाला किती काळजी वाटत असेल, निदान ओळखीच्या माणसाकडे आहे ना? मी म्हणालो, मैत्रिणीकडे असेल. शाळेतली की कॉलेजातली? कॉलेजातली, म्हणालो. कशाला म्हणालो? अजून एक प्रश्न आला असता तर अंदाजानं नावही सांगून मोकळा झालो असतो. पत्ता माहीत असता तर पत्ताही. आणि तेव्हा कळलं की मला का सांगितलेला नाही.
फोन ठेवून तसाच उठलो आणि हिला सगळं सांगितलं, शब्द न गाळता. ही रागावली नाही. ते जास्त वाईट. ताबडतोब लेकीला फोन लावला, तिथून आजच हल म्हणाली. मग माझ्याकडे वळून विचारलं, अजून काय म्हणाला तो?
मी सांगितलं, शेवटी तो म्हणाला, "म्हणजे थोडक्यात बाबा, तिचा तुमच्यावरही विश्वास नाही."
"मग तुम्ही काय म्हणालात?"
हो म्हणालो.