तीन रस्ते बाहेर

५ मे, सोमवार
शाळेचं पत्र. सगळ्यांचे पत्ते पुन्हा तपासतायत. आम्ही शाळेच्या झोनमध्येच, म्हणजे ठरलेल्या हद्दीतच राहतो, असं प्रतिज्ञापत्र शुक्रवार १६ पर्यंत द्यायचं. पत्र अर्थात माझ्या बहिणीच्या, जेसिंताच्या घरी आलं, तिनेच फोटो पाठवला. पत्ता तिचा दिलाय ना. आमचं घर रेषेच्या तीन रस्ते बाहेर. ॲडमिशनच्या वेळी मेल्विन म्हणाला, सगळेच करतात. नवऱ्याचं एरवी ऐकत नाही, तेव्हा बरी मान डोलावली. 

६ मे, मंगळवार
एलिसाला इंग्लिशचा प्रोजेक्ट. वापरातून गेलेले शब्द, एकाच विषयावरचे. हजार विषय सोडून माझ्या पोरीने निवडलं काय, तर विश्वास आणि संशय. फ्रिजवर कार्डं लावतेय. 'ट्रो' म्हणजे विश्वास ठेवणं. 'वॉनट्रस्ट' म्हणजे विश्वास नसणं. दूध काढायला गेलं तरी वाचावं लागतं.

८ मे, गुरुवार
दुकानात आज तीन प्रतिज्ञापत्रं. या देशात फार्मसिस्टची सही साक्षीदार म्हणून चालते, त्यामुळे लोक प्रिस्क्रिप्शनसोबत हेही कागद आणतात. प्रत्येकाला विचारायचं, सगळं खरं आहे ना? खोटं निघालं तर गुन्हा, माहीत आहे ना? एक आजोबा हसले, "नो वरीज, लव्ह." शिक्का मीच उलटा मारला.
मेल्विन: "अगं, बँक लुटली का आपण?" मग तू कर सही, म्हटलं. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

११ मे, रविवार
मदर्स डे. एलिसाचं कार्ड: "आय ट्रो यू, मम्मा." डोळे भरून आले. तिला वाटलं आनंदाने.
मिस्साला क्रिस्तप्रसाद घ्यायला उठले नाही; पाप कबूल केल्याशिवाय तो घ्यायचा नसतो. गुडघा दुखतो म्हणाले. हे आणखी एक खोटं, तेही चर्चमध्ये.

१४ मे, बुधवार
माझ्या प्रतिज्ञापत्राचा फॉर्म अनघापुढे ठेवला; स्वतःच्या सहीला स्वतःच साक्षीदार होता येत नाही. दुकानातली दुसरी फार्मसिस्ट, पुण्याची, चार वर्षं शेजारच्या काउंटरला. ठरवलं होतं, ती विचारेल खरं आहे का, तेव्हा सांगून टाकायचं. तिने वाचलासुद्धा नाही. पेन पुढे केलं.
"तुला काय विचारायचं, फ्लोरी. कर सही."
पेन घेतलं नाही. कस्टमर आलंय म्हणत कागद उचलला. काउंटरला कोणी नव्हतं. तिने ते पाहिलं. दिवसभर मला कॉफीही विचारली नाही. की मलाच तसं वाटलं?
फ्रिजवर नवा शब्द, 'मिसडाउट'. संशय येणं.

१५ मे, गुरुवार
एलिसाचं प्रेझेंटेशन उद्या. शाळेतून आणताना गाडीत सगळे शब्द म्हणून दाखवले, एकही अडखळली नाही. मग सिग्नलला:
"मम्मा, मावशीचं घर ट्वेल्व्ह की फोर्टीन?"
का गं?
"मिस वॉज आस्किंग, घरी कशी जातेस. आय सेड आय वॉक. उद्या नंबर विचारला तर?"
मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. एका शब्दाने नाही.
सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न दिला. सकाळी सांगते, म्हणाले.
फॉर्म पर्समध्ये, बिनसहीचा. मेल्विनला अजून बोलले नाही. एलिसा आत सराव करतेय, ऐकू येतंय. शब्दांचा झाला. आता पत्त्याचा चाललाय.