दादा, माझी पत्रिका उघडली

प्रिय दादा,

काल तुझ्या ऑफिसातून आले, आज लिहायला बसलेय. त्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेलास आणि दुपारी तू गेल्याचाच फोन आला. आता तू नाहीस, तरी तुला विचारल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या फाइल फॉरमॅटची चाचणी होती. ऑफिसचे कागद पुढच्या पिढ्यांनाही जसेच्या तसे उघडता यावेत म्हणून जेवण अर्धं टाकून फोनवर भांडायचास, तोच फॉरमॅट. तुझ्यासोबत काम करणाऱ्या शबाना मॅडमनी वहिनीला आणि मला बोलावलं. मला वाटलं, तुझ्या फोटोला हार घालतील, चहा देतील, परत पाठवतील.

आधी त्यांनी तू नमुना म्हणून दिलेली जुनी फाइल उघडली. पडद्यावर नुसता कचरा, कंस, डॉलर, तुटकी इंग्रजी अक्षरं. "तो जुना फॉन्ट या कॉम्प्युटरवर नाय ना," मॅडम म्हणाल्या. मग तोच कागद नव्या फॉरमॅटमध्ये. त्यात फॉन्ट फाइलच्याच पोटात असतो, बाहेरून काही मागावं लागत नाही. तुझाच तो हट्ट.

कागद उघडला आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

चि. सौ. कां. सुमन. चि. मिलिंद. निमंत्रक म्हणून तुझं एकट्याचं नाव. आणि स्थळ? आमचे राहते घर, फुलंब्री.

दादा, कुठलं घर रे? मिलिंद बौद्ध म्हणून बाबांनी दार लावून घेतलं तेच ना? आम्ही कोर्टात लग्न केलं. तू तेव्हा शहरात, औरंगपुऱ्यात, पत्रिका-बिलं टाइप करायच्या डीटीपीच्या दुकानात कामाला होतास. घरी बाबा मला बोलत होते आणि तू मान खाली घालून बसलास. दरवर्षी तुला राखी बांधली, पण तो राग काही सोडला नाही. आणि तू दुकानात बसून माझी लग्नपत्रिका तयार करत होतास? एकदा दाखवायचीस तरी!

"मला पण ठाऊक नव्हतं गं," वहिनी म्हणाली.

मॅडम हळूच जवळ आल्या. "मी लई बोलले, सर, दुसरा कागद घ्या ना, ये तो घर का है. तर म्हणाले, नाय, हाच. हा उघडला तर सगळं उघडंल."

लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना फाइल उघडल्याचा आनंद होता. मी तुझ्या नावाकडं बघत बसले.

मॅडमनी प्रिंट दिलीय. पहिली पत्रिका घरच्या देवापुढं ठेवायची असते. रविवारी मी आणि मिलिंद फुलंब्रीला जाणार आहोत. बाबांनी दार उघडलं नाही तर पत्रिकेवर अक्षता वाहून ती उंबऱ्यावर ठेवीन आणि पुढच्या रविवारी पुन्हा जाईन. जात राहीन, दादा. आमंत्रण तू दिलंयस, पत्ताही तूच घातलायस.

तुझी,
सुमी