वाटेला बारा बाक

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो कागदावरच घडला असं समज.) तुझं रक्तदाब मोजणं नियमित चालू आहे ना? भाऊजींचा खोकला गेला, की अजून डॉक्टर बदलणंच चालू आहे? इकडे आम्ही सगळे ठीक. तुझं पत्र पोचलं. पहिला अर्धा भाग आईला वाचून दाखवला, दुसरा नाही दाखवला. आई तळ्यावर जायची बंद झाली, दिवसभर मागच्या खोलीत खिडकीशी बसून असते, माझं तिच्याकडे लक्ष नाही, तेव्हा महिनाअखेरीस येऊन तू तिला कायमची घेऊन जाणार; तुमच्या इमारतीखाली बाग आहे आणि बागेत बाकं आहेत, असं तू लिहिलंस. (ही बातमी तुला कोणी कळवली ते मला ठाऊक आहे. ही आत्ता स्वयंपाकघरात भांडी फार हळू आवाजात लावते आहे.) ताई, दुसरं काहीही लिहायचं होतंस, पण बाक हा शब्द लिहायला नको होता. तो दिसला की हल्ली माझं डोकं फिरतं. का, ते सविस्तर सांगतो.

आपलं तळं तुला आठवतं तसंच होतं. बांधावरून सरळ वाट, कडेला तीन मोठे दगड, पलीकडे पाणी. आई रोज संध्याकाळी जायची, एका दगडावर दम खायची, दुसऱ्यावर गप्पा मारायची, तिसऱ्यावर कोणी बसलं असेल तर त्याला उठवायची आणि परत यायची. कोणाचं काही अडत नव्हतं. मग सरकारला आपल्या तळ्याची आठवण झाली आणि तालुक्यात ‘जलाशय संवर्धन व निसर्गविरंगुळा योजना’ आली. (नाव एवढं लांब असलं की विरंगुळा कोणाचा व्हायचा ते ओळखावं.) समिती नेमली गेली. अक्षर चांगलं म्हणून मला सचिव केलं. तुला माहीत आहे, या अक्षरानं मला आयुष्यभर कामालाच लावलं आहे. समितीत प्रत्येकाला काही ना काही हवं होतं. किराणा दुकानदाराला नौका हव्या होत्या, निवृत्त गुरुजींना फुलपाखरांची बाग हवी होती, शिंप्याला पक्षी बघायचा मनोरा हवा होता (त्याला जवळचं दिसत नाही म्हणून लांबचं बघायची हौस). मी एकच गोष्ट मागितली, तीही आईसाठी, कारण दगड तिला टोचायला लागले होते. अर्जात माझ्या हातानं, वळणदार अक्षरात मी लिहिलं : ‘तळ्याकाठच्या वाटेला बारा बाक द्यावेत.’ पुन्हा एकदा वाच. तुला काही चुकल्यासारखं वाटतं? मलाही वाटलं नाही. समितीलाही नाही.

ठेकेदार आला. त्याची माणसं फक्कीनं पांढऱ्या रेघा मारायला लागली, आणि रेघ बांध सोडून डावीकडे गेली, मग उजवीकडे आली, मग परत डावीकडे. मला वाटलं, माणसं सकाळीच घेऊन आली आहेत. मी ठेकेदाराला गाठलं. त्यानं खिशातून कागद काढला, माझ्याच ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “बारा बाक. मोजून घ्या, एक कमी भरला तर सांगा.” मी म्हणालो, अहो, बाक म्हणजे बसायचे. तो म्हणाला, बसायला बाक माणसाला देतात, वाटेला बाक दिला म्हणजे वाट वळवली. शुद्ध मराठी आहे, आणि वर तुमचंच आहे. शाळेत व्याकरणाच्या तासाला हा माणूस कुठे बसत होता कोण जाणे. मी शब्दकोश काढायला घरी आलो तोवर त्यानं वाटेच्या भरावासाठी तिन्ही दगड फोडून घेतले होते.

आता तुला वाटेल, वरचे साहेब चिडले असतील. छे! वनखात्याकडून एक साहेब आले होते. गळ्यात सदैव दुर्बीण, त्यामुळे सगळे त्यांना पक्षीसाहेब म्हणतात, आणि तेही ओ देतात. ते वाट बघून हरखलेच. वळणांमुळे माणूस झुडपांआड राहतो, पाणपक्षी बिचकत नाहीत, असा दूरदृष्टीचा आराखडा त्यांनी कुठे पाहिला नव्हता म्हणे. माझा हात हातात घेऊन त्यांनी तो इतका हलवला की मला नाही म्हणायला सवडच मिळाली नाही. पक्षी खरंच वाढले आहेत, हे कबूल करतो. बदकांची काही तक्रार नाही. पण बांध ओलांडायला आता दुप्पट चालावं लागतं आणि वाटेत टेकायला स्वतःच्या काठीशिवाय काही नाही. आई पहिल्या दिवशी चौथ्या बाकापर्यंत गेली, एका रोपट्याच्या कुंपणाला धरून उभी राहिली आणि परत फिरली. घरी येऊन म्हणाली, “नको रे बाबा, माझं घरातच बरं आहे.” आणि तिनं चपला कपाटाखाली सारल्या. ताई, त्या चपला बघून मला फार वाईट वाटलं. माझं तिच्याकडे लक्ष नाही, हे तू लिहायला नको होतंस.

मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी फाइल काढली. ‘बारा बाक’ हे काम पूर्ण झालेलं होतं, आणि एकच काम दोनदा मंजूर होत नाही. मी म्हणालो, साहेब, बाक बसवलेच नाहीत. ते म्हणाले, असं कसं, अहवालात लिहिलंय, मुरूम दाबल्यावर बाक उत्तम बसले आहेत. शेवटी माझी दया येऊन त्यांनी सुचवलं, दुसरा शब्द वापरून मागा. मी मागितलं : ‘नागरिकांसाठी बैठकीची सोय व्हावी.’ लगेच मंजूर झालं! शाळेच्या सभागृहात तळ्याच्या संवर्धनावर एकापाठोपाठ एक बारा बैठका झाल्या, चहा-बिस्किटांसह. इतिवृत्त अर्थातच मी लिहिलं. मग मात्र मी शब्दांपुढे हात टेकले आणि चित्र काढलं. चार पाय, पाठ टेकायला फळ्या, वर एक म्हातारी बाई बसलेली. चित्र कचेरीत सगळ्यांना आवडलं. त्यांनी ते लोखंडी पत्र्यावर रंगवून घेतलं आणि सहाव्या बाकावर खांब पुरून लावलं. आता पाटीवर आई छान बसलेली असते आणि खाली उभं राहायला भरपूर जागा आहे.

मग मी घरची खुर्ची नेऊन ठेवली. रखवालदारानं ती अतिक्रमण म्हणून उचलून घरी आणून दिली. (माणूस वाईट नाही. आमच्या चहाला नाही म्हणत नाही.) त्यानंच नियम समजावून सांगितला : वाटेवर वस्तू ठेवायची नाही, हातात असली तर हरकत नाही. तेव्हा तुला मिळालेली बातमी शिळी आहे. हल्ली रोज संध्याकाळी पुढे आई, मागे घडीची खुर्ची घेऊन मी, अशी आमची स्वारी निघते. प्रत्येक बाकावर मी खुर्ची उघडतो, आई बसते, मी शेजारी उभा. ती लवकर उठेल तर शपथ. माझ्या लहानपणीच्या सगळ्या भानगडी तिला नेमक्या तिथेच आठवतात, अगदी तू लपवलेल्याही. आणि ती उठली रे उठली की गुरुजी नाहीतर शिंपी येऊन टेकतात. मी खुर्ची मोकळी व्हायची वाट बघत ताटकळतो. कंबर त्यामुळेच धरली आहे.

गेल्या आठवड्यात कचेरीचे साहेब पाहणीला आले. नवे बूट घालून आले होते. सातव्या बाकावर त्यांना धाप लागली, बूट चावायला लागले, आणि समोर आमची खुर्ची उघडलेली. आई उठली, म्हणाली, “बसा हो, दमलात.” ते बसले. बसल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं की तिथेच मांडीवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं : ‘बसण्याची सोय : आहे. प्रकार : फिरती. समाधानकारक. देखभाल : समितीचे सचिव.’ झालं! विषय कायमचा मिटला. म्हणजे आता मी सरकारचं पूर्ण झालेलं काम आहे, आणि माझी मोडतोड झाली तर दुरुस्ती मीच करायची आहे.

बाकी (बघ, इथेही घुसलाच) सगळं ठीक. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. आईला घेऊन जाऊ नकोस. तुमच्या बागेत बाकं आहेत, सगळं मान्य. पण ती गेली तर मला हे घर खायला उठेल, हे तुला तोंडावर सांगता आलं नसतं म्हणून एवढं लांबण लावलं. त्यापेक्षा भाऊजींच्या कचेरीत जुनी बाकं मोडीत काढतात, त्यातलं एक टेम्पोत घालून पाठव. मी त्याला चाकं लावीन. मग बघू कोण अतिक्रमण म्हणतो.

ता. ता. क. : बाळे, मी आई. पाकीट टपालात टाकायला हा माझ्याकडेच देऊन गेला, म्हणून आधी वाचून काढलं. तुझ्या पत्राचा दुसरा भागही वाचलाय, उशीखाली ठेवतो वेडा. बाक मुळीच पाठवू नकोस. बाक आलं की हा मला त्यावर बसवून घरी निघून जाईल. इतकी वर्षं एका घरात राहून आमचं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे जात नव्हतं. आता बारा वेळा थांबतो आणि बारा वेळा बोलतो. तू हवं तर राहायला ये. माझ्या गुडघ्यांचं म्हणशील, तर आता सहा बाक मी न टेकता सहज जाते. त्याला कळवू नकोस.