फरचा शेंडा

शनिवार संध्याकाळ, बॉथेल

निखिलने माझ्या फरच्या झाडाचा शेंडा कापला! आमची लेक इरा जन्मली त्या वर्षी वीतभर रोप लावलं होतं मी. आता माझ्या डोक्यावर गेलं होतं.

ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीसाठी नवरोबांना फांद्या हव्या होत्या. मी म्हटलं, घरामागच्या स्प्रूसच्या झाडाच्या घे, ते तसंही काढायचंय. हा पुढच्या अंगणातल्या फरचा शेंडाच कापून आला. वर म्हणतो, "दोन्ही सारखीच दिसतात यार! परत येईल ना."

सारखीच? स्प्रूसची पानं टोचतात, फरची चपटी, मऊ असतात. कितीदा सांगितलं, नुसता हात लावून बघ. एकदा हात लावायला काय झालं होतं? आणि शेंडा गेला की फर सरळ वाढत नाही, हे त्याच्या गावीही नाही. इरा रडत म्हणाली, "बाबा, दॅट वॉज माय ट्री." तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला.

शेवटी वरची एक फांदी उभी करून काठीला बांधली. पुढे तीच शेंडा होते म्हणतात. निखिल न बोलावता काठी धरायला आला. धरू दिली.